नापोलीचे चार दिवस : आधी काय, नंतर काय

रोममध्ये चार रात्री काढायच्या आणि त्यातल्या एका दिवसात ‘नेपल्स-पॉम्पेई उरकून यायचं’, असा इटलीला जाणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींचा बेत असतो. सकाळची गाडी, भर दुपारी पॉम्पेईच्या रोमन अवशेषांमधलं ऊन, परतताना स्टेशनाबाहेर मिळेल तो पिझ्झा, आणि घरी आल्यावर शेरा: “गलिच्छ शहर आहे, काही खास नाही.” यातल्या अनेकांनी शहर पाहिलेलंच नसतं, पाहिलेला असतो तो फक्त स्टेशनासमोरचा चौक. जे तीन-चार दिवस राहतात त्यांचीही फजिती होतेच. मंगळवारी संग्रहालयाच्या बंद दारापुढे उभे राहतात, दुपारी दीडला देवळांना कुलूप लागलेलं पाहतात, आणि शाकाहारी असून नकळत डुकराची चरबी खातात. हे सगळं टाळता येतं. त्यासाठी कामं योग्य क्रमाने करायला हवीत, म्हणून हा लेख.

नावाचं एकदाच सांगतो. आपण नेपल्स म्हणतो, पण पाट्यांवर, तिकिटांवर आणि गाड्यांवर ‘नापोली’च दिसेल. डोळ्यांना त्याच नावाची सवय लावून घ्या.

टप्पा 1 : तारखांच्या आधी वार ठरवा

विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं की आपण तारीख पक्की करतो. इथे आधी वार पाहायचे. पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. ज्या एका पुतळ्यासाठी लोक जगभरातून येतात, ते सानसेवेरोचं चॅपेलही मंगळवारीच बंद. कापोदिमोन्तेचं चित्रसंग्रहालय, टेकडीवरचा सान मार्तीनोचा मठ आणि राजवाडा या तिन्हींची सुट्टी बुधवारी. म्हणजे सोमवारी रात्री पोचून गुरुवारी सकाळी निघणाऱ्याने नेमके चुकीचे दोन दिवस निवडलेले असतात.

माझ्या मते गुरुवारी दुपारी पोचावं आणि सोमवारी निघावं. महिन्याचा पहिला रविवार मात्र जपून. त्या दिवशी सरकारी संग्रहालयांना प्रवेश फुकट असतो आणि त्या बचतीची किंमत रांगेत मोजावी लागते.

ऋतूचं थोडक्यात: एप्रिल ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये उकाडा असतोच, शिवाय 15 ऑगस्टच्या आसपास घरगुती खाणावळी कुलूप लावून समुद्रावर जातात आणि विद्यापीठही ओस पडतं. डिसेंबरात सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही नाताळच्या देखाव्यांची गल्ली पाहायला इतकी गर्दी लोटते की गणपतीतल्या लक्ष्मी रोडची आठवण यावी. 19 सप्टेंबरला शहराचा रक्षक संत जेन्नारो याचा दिवस असतो. कुपीतलं सुकलेलं रक्त पातळ होतं का, हे पाहायला भाविक पहाटेपासून मुख्य चर्चमध्ये जमतात. मुद्दाम त्याचसाठी जात असाल तर जरूर जा, पण त्या दिवशी त्या भागात दुसरं काही पाहायचं ठरवू नका.

टप्पा 2 : आरक्षणं, याच क्रमाने

1. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस आधी करता येतो. ‘कमीत कमी’वर विसंबू नका, मे-जूनच्या वेळा झपाट्याने भरतात. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. अनेक देश करणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथून आत शिराल तो देश.

2. व्हिसा हातात आला की त्याच दिवशी सानसेवेरोचं तिकीट. विमान आणि हॉटेल तात्पुरतं राखून ठेवता येतं, पण ही छोटीशी जागा ठरावीक वेळेच्या तिकिटांवर चालते आणि मोसमात बऱ्याच आधी भरते. आत जुझेप्पे सानमार्तीनोने 1753 मध्ये घडवलेला ‘क्रिस्तो व्हेलातो’ आहे. संगमरवराचं पातळ वस्त्र अंगावर ओढलेला येशू. वस्त्र आणि देह एकाच दगडातले आहेत, हे समोर उभं राहूनही पटत नाही. फोटो काढायला मनाई आहे आणि ती कडक पाळतात.

3. पॉम्पेई जाणार असाल तर त्याचं तिकीट. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. पासपोर्टावर जसं नाव आहे तसंच भरा. ‘बाबा’, ‘आई’, ‘पिंकी’ नको.

4. शेवटी रोम-नापोली गाडी.

तपासा: गाडीचं तिकीट काढताना उतरण्याचं स्टेशन ‘नापोली चेंत्राले’ आहे ना? यादीत ‘नापोली आफ्रागोला’ही दिसतं. झहा हदीदने रेखाटलेलं ते स्टेशन दिसायला फार देखणं आहे, पण शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर. मी एकदा नाव पुरतं न वाचता तिथे उतरलो आणि स्थापत्याचं कौतुक करायला भरपूर वेळ मिळाला.

टप्पा 3 : मुक्काम कुठे

स्टेशनजवळ स्वस्त मिळतं म्हणून तिथे राहू नका. दिवसा ठीक असतं, पण रात्री सामान ओढत परतणं नको वाटतं, आणि शहराची पहिली व शेवटची आठवण म्हणून तो चौक डोक्यात राहतो. जुन्या गावठाणात राहा: दान्ते चौक, बेल्लिनी चौक, सान दोमेनिको माज्जोरे या पट्ट्यात कुठेही. मेट्रोची दान्ते, म्युझेओ, उनिव्हेर्सिता ही स्टेशनं इथून पायी आहेत. झोप सावध असेल तर बेल्लिनी चौकाच्या अगदी तोंडावर नको, विद्यार्थी मध्यरात्रीनंतरही गप्पा मारत बसलेले असतात. शांतता हवी तर वर व्होमेरोला. तिथून केबलरेल्वेने काही मिनिटांत खाली येता येतं.

खोली घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: कितवा मजला, आणि लिफ्ट आहे का. काही जुन्या इमारतींतली लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही, म्हणून 10-20 सेंटची चिल्लर खिशात ठेवा. शहराचा मुक्काम कर माणशी, रात्रीमागे वेगळा लागतो. तो बऱ्याचदा रोख मागतात.

मोठ्या चाकाच्या बॅगांचा मोह टाळा. गल्ल्यांची फरसबंदी ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची आहे. चाकं तिच्यावर खडखडतात, पाऊस पडला की बूटही घसरतात.

टप्पा 4 : पोचल्यावरचे पहिले दोन तास

विमानतळावरून ‘आलीबुस’ नावाची बस स्टेशनाला आणि पुढे बंदराला जाते. टॅक्सी घेतलीत तर बसण्यापूर्वीच ‘तारिफ्फा फिस्सा’ म्हणा, म्हणजे ठरावीक दर. प्रवास सुरू झाल्यावर म्हणून उपयोग नाही. गाडी भाड्याने घेऊ नका. जुन्या भागात बिगरस्थानिक वाहनांना बंदी आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचं पत्र घरी येतं.

सावधान: गर्दीची बस, चिर्कुमव्हेझुवियाना लोकल आणि स्टेशनचा चौक ही पाकीटमारांची ठिकाणं. दादर स्टेशनवर जितके सावध असता तितकंच पुरे. फोन मात्र रस्त्याच्या कडेला उभं राहून हातात धरू नका, स्कूटर जवळून जातात. भिंतीकडे सरका, नकाशा पाहा, मग चाला.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. मोबाइलवरच्या तिकिटाचं चेक-इन करावं लागतं. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो. जलदगती गाडीला ही भानगड नाही.

टप्पा 5 : पहिला दिवस गल्ल्यांचा

पहिल्या दिवशी संग्रहालय नको आणि पॉम्पेईही नको. शहराचा आराखडा आधी पायांत बसू द्या. तो सोपा आहे: पूर्व-पश्चिम जाणारे दोन लांब रस्ते, एक स्पाक्कानापोली, त्याच्या वरच्या अंगाला समांतर व्हिया देई त्रिबुनाली. त्यांना जोडणाऱ्या अरुंद आडव्या गल्ल्या. मूळ ग्रीक वसाहतीची आखणी आजही तशीच वापरात आहे.

सकाळी साडेआठला जेझू नुओव्हो चौकातून सुरुवात करा. चर्चच्या टोकदार दगडी दर्शनी भिंतीसमोर फोटो होतील. पलीकडे सान्ता कियाराचा चौक-अंगणाचा मठ आहे. रंगीत फरशांचे खांब, लिंबाची झाडं आणि शहरात दुर्मिळ असलेली शांतता. तिथे अर्धा तास बसा. मग स्पाक्कानापोलीने पूर्वेकडे आणि त्रिबुनालीने परत. परतताना पिओ मोन्ते देल्ला मिझेरिकोर्दिया या छोट्या चर्चमध्ये काराव्हाज्जोचं ‘दयेची सात कर्मं’ हे चित्र आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मृताला मूठमाती अशी सातही कामं त्याने एकाच अंधाऱ्या गल्लीत कोंबली आहेत. बाहेर आलात की तीच गल्ली समोर असते. 1607 चं चित्र आहे, फरक फक्त स्कूटरींचा.

तपासा: चर्चेस बहुधा दुपारी साडेबारा-एकला बंद होतात आणि चारनंतर उघडतात. त्यामुळे सकाळी चर्च, दुपारी जेवण आणि भूमिगत भाग, संध्याकाळी पुन्हा चर्च किंवा चौक. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, ओढणी जवळ ठेवा.

दुपारसाठी सान गाएतानो चौकातली नापोली सोत्तेर्रानेआ. जमिनीखाली सुमारे 40 मीटर, ग्रीकांनी खणलेल्या खाणी, पुढे पाण्याची टाकी, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यापासून आसरा. शंभरावर पायऱ्या आहेत आणि एक बोळ इतका अरुंद की आडवं होऊन सरकावं लागतं. गुडघेदुखी किंवा कोंडल्याची भीती असलेल्यांनी शेजारच्या सान लोरेन्झो माज्जोरे चर्चखालची रोमन बाजारपेठ पाहावी. तिथे बोळ नाही, आणि माझ्या मते पाहायला जास्त आहे.

टप्पा 6 : खाणं

इथे सविस्तर बोलू, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

*घड्याळ.* जेवणाच्या वेळा साडेबारा ते तीन आणि संध्याकाळी साडेसातपासून पुढे. संध्याकाळी पाचला भूक लागली तर नीट खाणावळ उघडी नसते. जी उघडी असते ती फक्त पर्यटकांसाठी असते.

*कॉफी.* अनेक बारमध्ये आधी ‘कास्सा’वर, म्हणजे गल्ल्यावर पैसे द्यायचे, ‘स्कोन्त्रीनो’ म्हणजे पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची. उलट केलंत तर तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. उभ्याने प्या. टेबलावर बसलात की दर बदलतो. सोबत पाण्याचा छोटा पेला येतो, तो कॉफीच्या *आधी* प्यायचा, तोंड साफ करायला. ‘काफ्फे सोस्पेझो’ अशी पद्धत आहे: आपली एक प्यायची, दोनचे पैसे द्यायचे, दुसरी कुणा गरजूसाठी.

*पिझ्झा.* पारंपरिक नापोली पिझ्झा सुमारे 485 अंशांच्या लाकडी भट्टीत 60 ते 90 सेकंद असतो. त्यामुळे कडा फुगीर आणि ठिपक्याठिपक्यांनी करपलेली, मधला भाग ओलसर. हे ‘कच्चं राहिलं’ नव्हे. परत पाठवू नका. सुरी-काट्याने खायचा, मधून बाहेर. दरडोई एक पिझ्झा मागवतात. एका मार्गेरितात चौघं आणि वर चिली फ्लेक्स, हे चालत नाही. नामांकित ठिकाणी दारावरचा माणूस नाव लिहून घेतो. छोटं नाव द्या, ‘कुलकर्णी’चं काय होईल सांगता येत नाही. काही प्रसिद्ध पिझ्झेरिया रविवारी बंद असतात. दोन तासांची रांग दिसली तर चार दारं सोडून पुढच्या ठिकाणी जा, या शहरात दुसऱ्या क्रमांकाचा पिझ्झाही आपल्याकडच्या पहिल्यापेक्षा बरा असतो. घाई असेल तर काउंटरवरचा ‘आ पोर्ताफोल्यो’, चार घड्यांचा, हातात धरून खायचा.

*शाकाहाऱ्यांनी हे नीट वाचा.* नुसतं ‘मांस आहे का’ विचारून भागत नाही. मी एकदा एका दुकानात गरम स्फोल्यातेल्ला घेण्यापूर्वी विचारलं, “काऱ्ने?” मालक जवळजवळ दुखावला. गोड पदार्थात मांस कुठून येणार! तो खरं बोलत होता. पण त्या पापुद्र्यांना खुसखुशीतपणा डुकराच्या चरबीने आणतात, आणि चरबी त्याच्या लेखी मांस नव्हतीच. म्हणून विचारायचा शब्द ‘स्त्रुत्तो’ : “चे स्त्रुत्तो?” म्हणजे चरबी आहे का?

परंपरेने चरबी असणारे पदार्थ: पापुद्र्यांची स्फोल्यातेल्ला रिच्चा, मिरी-बदामाचे कडक ताराल्ली, ईस्टरचा गोड पास्तिएरा आणि खारा पाव काझातिएल्लो (यात तर डुकराचे तुकडेही असतात). तळलेल्या पिझ्झाच्या पोटात बहुधा चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. पास्ताचं तळलेलं वडं, ‘फ्रित्तातीना’, त्यात खिमा. बटाटा-पास्तात पान्चेत्ता, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, निघू शकतो. घेवडा-पास्ता निर्धास्तपणे मागवावा, तर त्यात शिंपले येतात. बाबा हा केक रममध्ये भिजवलेला असतो, मुलांना देण्याआधी लक्षात ठेवा.

निश्चिंतपणे मागवण्यासारखं: पिझ्झा मारिनारा, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच. नावावरून त्यात मासे असतील असं वाटतं, नसतात. मार्गेरिता. न्योक्की आल्ला सोर्रेंतीना, म्हणजे टोमॅटो-मोझ्झारेल्लातले बटाट्याचे छोटे गोळे. वांग्याची पारमिजाना. फ्रियारिएल्ली, ही मोहरीच्या जातकुळीतली कडसर पालेभाजी, लसूण-मिरचीवर परतलेली. भाकरी असती तर जेवणच झालं असतं. ती सॉसेजबरोबर देतात, म्हणून ‘सेन्झा साल्सिच्चा’ सांगा. पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं विकर असतं. ते चालत नसेल तर ‘सेन्झा पार्मिजानो’. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी फिक्या सॉसचा पास्ता सांगून करून घ्यावा. टोमॅटो सॉस आधीच शिजवून ठेवलेला असतो, त्यातून लसूण काढता येत नाही.

*मासे खाणाऱ्यांसाठी.* मोन्तेसान्तोजवळच्या पिन्यासेक्का बाजारात सकाळी जा. तिसऱ्या दिसतील, शिनाणे दिसतील, जिवंत ईल दिसतील. कागदी शंकूत तळलेली छोटी मासळी म्हणजे ‘कुओप्पो’, ती तिथेच उभ्याने खावी, थंड झाली की संपली. तिसऱ्यांचा स्पागेत्ती मागवलात तर वर चीज मागू नका.

सावधान: मेनूत माशाच्या दरापुढे ‘एत्तो’ लिहिलेलं असेल तर तो दर 100 ग्रॅमचा आहे. अख्खा मासा 700-800 ग्रॅमचा सहज भरतो. वजन करून दाखवा म्हणा, मग ‘हो’ म्हणा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो असतात, ती फसवणूक नव्हे.

रस्त्यावर एखाद्या टपरीत लिंबाचं सरबत दिसेल. त्यात सोडा टाकला की ते भसकन उतू जातं, म्हणून पाय फाकवून वाकून प्यायचं. नावही तसंच आहे. पांढरी पँट त्या दिवशी नको.

टप्पा 7 : आधी संग्रहालय, मग अवशेष

पॉम्पेईतली उत्तम भित्तिचित्रं आणि मोझेइक तिथे नाहीत, ती शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. संग्रहालय आधी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या भिंतींपुढे उभं असताना काय होतं ते डोळ्यांसमोर येतं. उलट केलं तर पॉम्पेई म्हणजे विटांचे ढीग वाटतात. दालनं आलटून-पालटून बंद ठेवतात, तिकीटखिडकीवरच ‘आज काय बंद’ ते विचारा. फार्नेझे संग्रहातले हर्क्युलीस आणि बैल हे पुतळे खालच्या मजल्यावर आहेत. तीन तास पुरतात.

पॉम्पेईला चिर्कुमव्हेझुवियानाच्या सोर्रेंतो मार्गाची गाडी. स्टेशनचं पूर्ण नाव ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी’. नुसतं ‘पॉम्पेई’ नावाची आणखी स्टेशनं आहेत, ती आधुनिक गावात सोडतात. गारिबाल्दीला, म्हणजे चेंत्रालेखालच्या स्टेशनला, गाडी भरलेली येते, म्हणून एक स्टेशन मागे पोर्ता नोलानाला जाऊन चढा, बसायला मिळतं. आत सावली जवळजवळ नाही. टोपी, पाणी, आणि पहिल्या वेळेचं तिकीट.

वृद्ध किंवा मुलं सोबत असतील, हातात अर्धाच दिवस असेल, तर मी पॉम्पेई सोडून त्याच ज्वालामुखीने गाडलेलं एर्कोलानो सांगेन. त्याच मार्गावर, अलीकडे, खूप लहान, आणि जळून कोळसा झालेलं लाकूड अजून जागेवर आहे: तुळया, दारं, खाटा.

टप्पा 8 : विद्यापीठाची संध्याकाळ

सम्राट फ्रेडरिक दुसरा याने 1224 मध्ये स्थापलेलं विद्यापीठ शहराच्या मधोमध आहे, पण त्याला कुंपणाचा कॅम्पस नाही. म्हणून लोक ‘विद्यापीठ कुठे आहे’ विचारत त्याच्याच इमारतींमधून चालत जातात. क्रम असा: डिझायनर कारीम रशीदने घडवलेलं उनिव्हेर्सिता मेट्रो स्टेशन, वर आल्यावर कोर्सो उंबेर्तोवरची मुख्य इमारत, मग ‘मेझ्झोकान्नोने’ या रस्त्याने चढावर. याच रस्त्यालगत विद्यापीठाची निसर्गविज्ञानाची संग्रहालयं आहेत. 1801 चं खनिज संग्रहालय पाहायला गर्दी नसते, ते कामाच्या दिवशी सकाळीच गाठा, संध्याकाळी बंद असतं. दुपारचं स्वस्त खाणंही याच रस्त्यावर, विद्यार्थ्यांच्या मागे जा.

सान दोमेनिको चौकातून पुढे सान पिएत्रो आ मायेल्ला संगीत विद्यालयाच्या अंगणात थांबा. वर्ग चालू असले की खिडक्यांतून एकीकडे सोप्रानो, दुसरीकडे ट्रॉम्बोन, असं सगळं एकत्र ऐकू येतं. तिकीट नाही. तिथून पोर्त’आल्बाच्या कमानीखालची पुस्तकांची दुकानं, आणि शेवटी बेल्लिनी चौक, जिथे ग्रीक तटबंदीच्या उघड्या दगडांशेजारी मुलं बसलेली असतात. सातनंतर जागा मिळत नाही.

टप्पा 9 : निघताना

ताजी मोझ्झारेल्ला पाण्यात असते. ती हातातल्या सामानात विमानतळावर जप्त होते, कारण द्रव. मुंबईपर्यंत न्यायची तर नकोच, ती त्याच दिवशी, फ्रिजमध्ये न ठेवता, खोलीच्या तापमानाला खायची. शेवटच्या सकाळी अर्धा किलो घ्या, चार टोमॅटो घ्या आणि बंदराकडे तोंड करून बाकावर संपवा. घरी न्यायला दळलेली कॉफी, ग्राग्नानोचा सुका पास्ता. ताराल्ली नेणार असाल तर पिशवीमागचं वाचा: ‘स्त्रुत्तो’, ‘सुन्या’ दिसलं तर ती चरबीच, ‘ओलिओ’ म्हणजे तेल.